मेंदूचा फोटो काढून हुशारी कळते का?

पनवेलहून बोलतोय.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली: मुलाच्या बोटांचे ठसे द्या, मेंदूचा कुठला भाग तेज ते सांगतो. याला डीएमआयटी म्हणतात. 2019 मध्येच इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं सांगितलंय की याला शास्त्रीय आधार नाही. विषय संपला. पण खाली एका काकांनी विचारलं, मग एमआरआय काढला तर कळेल का? हा प्रश्न मात्र भारी आहे.

एमआरआयवर मेंदूचं आकारमान नीट मोजता येतं. त्याचा बुद्ध्यांकाशी संबंध आहे, खोटं कशाला बोला. अनेक अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये या संबंधाचा आकडा निघाला 0.24. म्हणजे किती? मी हिशोब मांडून पाहिला. कुठलीही दोन माणसं घ्या आणि मोठ्या मेंदूवाल्याला जास्त हुशार म्हणत सुटा. 100 जोड्यांत साधारण 58 वेळा बरोबर याल. नाणं उडवूनही 50 वेळा येताच की!

मग 'मेंदूचा अमुक भाग आणि स्मरणशक्ती' अशा बातम्यांचं काय? असे बरेच अभ्यास जेमतेम 25 माणसांवर झालेत. एवढ्या कमी लोकांत मुळात काहीच संबंध नसला तरी योगायोगानं 0.4 पर्यंतचा आकडा सहज येतो. आणि छापून येतो तो मोठा आकडाच. 2022 मध्ये 'नेचर'मध्ये सुमारे 50,000 लोकांचे स्कॅन तपासलेला अभ्यास आला. निष्कर्ष असा, की असे संबंध पक्के धरायला हजारो माणसं लागतात. आमच्या भाषेत, टेस्टिंगला पास, प्रॉडक्शनला नापास.

आता आपल्या पुण्याचं बघा. केईएम हॉस्पिटलची टीम 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करतेय. मुलं 9 वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी12 फार कमी होतं, त्यांची मुलं ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं सांगण्यात मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक नव्हता. हे 2008 मध्ये छापून आलं, आणि त्याला मेंदूचा फोटो लागला नाही.

हाही गटाचाच फरक, तुमच्या चिंटूचं भविष्य नाही. पण इथं काहीतरी करता येतं. बी12 साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि कमी असेल तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतात.