घाव मागे घेता येत नाही

सर, सहावीत तुम्ही आमच्याकडून बटाट्याचे ठसे करून घेतले होते. जर्मन चित्रकार एमिल नोल्डे यांचं १९१७ सालचं ‘मेणबत्ती-नर्तकी’ हे लाकडी ठशाचं चित्र पाहताना तोच तास आठवला. लाकूड कोरलं तिथे कागद पांढरा, उरलं तिथे काळी शाई. नर्तकींचे हातपाय आणि ज्योती, दोन्ही सारख्याच तुटक घावांनी उमटतात, म्हणून सगळं चित्रच नाचतं. पण चुकलेला घाव मागे घेता येत नाही. आम्ही संगणकवाले ‘अनडू’वर जगतो. दहावीनंतर चित्रकला सोडली, तेव्हाही वाटलं होतं, कधीही परत येता येईल. तीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात पटाशी आणली. पहिल्याच नर्तकीचा हात तुटला. सर, तरी ती नाचते आहे.