फुटबॉल शिबिरातून घरी काय आणावे?
(हजीरा येथे मराठी पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



तापीच्या मुखाशी वसलेल्या या हजीऱ्यात नोकरीच्या निमित्ताने आलेल्या आपल्या कुटुंबांतील मुलेमुली सुट्टीत फुटबॉलच्या प्रशिक्षण शिबिराला जाणार आहेत. आठ दिवसांत खेळाडू घडत नाही. परंतु तो कसा घडतो, याची वाट मात्र तेथे दिसते. ती नीट पाहून यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. तरुणपणी क्रीडाशिक्षक म्हणून मी अशाच एका शिबिराला गेलो होतो. वही नेली नाही. सारे लक्षात राहील असा भरवसा होता. शाळेत परतलो तेव्हा प्रमाणपत्र आणि शिट्टी यांपलीकडे फारसे काही हाती उरले नव्हते. चाळीस मुले एका चेंडूमागे रांगेत उभी केली. तासाभरात प्रत्येकाच्या पायाला चेंडू जेमतेम दोनदा लागला. त्या वर्षीच्या मुलांचे नुकसान मला भरून देता आले नाही.

म्हणून शिबिराला जाताना वही न्यावी. रोज संध्याकाळी तीनच गोष्टी लिहाव्यात : आज काय शिकलो, माझे काय चुकले आणि मार्गदर्शकांनी ते कसे सुधारले. उदाहरणार्थ, पायाच्या आतल्या बाजूने चेंडू देताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी हवा, त्याचा पंजा लक्ष्याकडे वळलेला हवा आणि मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट हवा. हे ऐकावयास सोपे आहे; अंगवळणी पडावयास महिने लागतात. मार्गदर्शक दुसऱ्या मुलाची चूक दाखवीत असतील, तेव्हाही कान तिकडेच असावेत. आणि समजले नाही तर विचारावे. त्यात कमीपणा नाही.

साधनांचाही विचार हवा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू योग्य. पाच क्रमांकाचा त्यापुढे. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम फार जातो, म्हणून तहान लागण्यापूर्वीच पाणी प्यावे. दुखणे लपवू नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावात डोक्याने चेंडू मारणे नको, अशी सूचना दिली. आपणही ती पाळावी.

शिबिराचे खरे फळ ते संपल्यानंतरच्या दिवसापासून मिळते. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम योजिला गेला. शाळांना चेंडू मिळाले. अशा दिवसाचे मोल दुसऱ्या दिवशी तो चेंडू कपाटात राहतो की मैदानावर, यावरच ठरते. त्याच वर्षी भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत खेळलेला अनिकेत जाधव तालमींच्या नावाने संघ उतरविणाऱ्या कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो शिकला. एका शिबिराची नव्हे, वर्षांची ती कमाई. नागपूरचे प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ साली त्यांच्यासाठी फुटबॉलचे कार्य उभे केले. तेव्हा साधन नाही, ही सबबही फार काळ टिकत नाही.

घरी परतल्यावर रोज वीस मिनिटे भिंतीवर चेंडू मारावा, दोन्ही पायांनी. शिकलेले धाकट्या भावंडांना शिकवावे. शिकविताना आपलीच चूक उमगते. शिक्षकांनी लांब रांगा टाळून चार-चार जणांचे छोटे सामने लावावेत, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू वारंवार लागेल. मुलींनाही तितकीच संधी द्यावी. आणि पालकहो, रेषेबाहेरून ओरडू नका. मूल घरी आले की "किती गोल केलेस?" असे न विचारता "आज नवे काय शिकलास?" असे विचारा. त्या एका प्रश्नाने वहीचे पान भरेल.