आधी घरच्या भाषेत सांग
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मघाशी हजेरी झाली तेव्हा माझं नाव येताच मी सवयीने उभी राहिले. शाळा सुटली तरी सवय सुटत नाही!

पाचवीत मी या शाळेत आले ती खाडीकाठच्या आगरी गावातून. पहिल्याच आठवड्यात उभी राहून म्हटलं, "बाई, मना घरा जावाचा हाय." वर्ग खो-खो हसला. हसणाऱ्यांपैकी बरेच जण आज पुढच्या रांगेत बसलेत. केस गेले असले तरी मी ओळखते हं त्यांना! आपल्या मराठीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, "काय होतंय ते आधी घरच्या भाषेत सांग. पुस्तकातली भाषा मागाहून शिकू." मग मी खरं सांगितलं. पोटात दुखत नव्हतं, आईची आठवण येत होती.

आज मी समुपदेशक म्हणून काम करते. बाईंचं हे वाक्य मी विसरले आणि एकदा मोठी चूक केली. तीच आज सांगायची आहे.

आपण दहावी झालो तेव्हाचं पनवेल आठवा. एसटी स्टँड, वडाळे तलाव, मागे कर्नाळ्याचा सुळका. २०१६ साली इथे महानगरपालिका झाली. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याचे कारखाने, इमारतींची बांधकामं यांसाठी बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून माणसं आली. आपल्या घराच्या भिंती त्यांनी बांधल्या, पण त्यांच्या मनाचं दुखणं ऐकायला आपल्याकडे त्यांची भाषा नव्हती.

काही वर्षांपूर्वी बिहारची एक बाई माझ्याकडे आली. छाती भरून येते, झोप नाही, गॅस आहे म्हणत होती. तपासण्या सगळ्या ठीक. ती भोजपुरी बोलायची, हिंदीही तिला जेमतेम यायची. सोबत अकरा वर्षांची मुलगी होती, मराठी शाळेत शिकणारी, चुणचुणीत. मला वाटलं, दुभाषी आयतीच मिळाली. मी विचारलं, "आई उदास असते का?" मुलीने आईकडे पाहिलं, दोघी काहीतरी बोलल्या आणि मुलगी म्हणाली, "आई म्हणते, काही नाही." मी ते कागदावर लिहून घेतलं.

पुढच्या वेळी, तिला विचारून, मी भोजपुरी बोलणाऱ्या एका परिचारिकेला बसवलं. मुलीला बाहेर चित्रं काढायला दिली. पहिलंच वाक्य आलं, "मन नइखे लागत." आणि बांध फुटला. म्हणाली, "पोरीसमोर कसं सांगू, की मला जगावंसं वाटत नाही?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचं दुःख लेकराच्या तोंडून वदवून घ्यायला निघाले होते मी! तेव्हापासून एक नियम केला आहे: मुलांना दुभाषी करायचं नाही. जिथे नवऱ्याचीच भीती असू शकते, तिथे नवऱ्यालाही नाही.

तिला मानसोपचारतज्ज्ञांनी औषधं दिली. आमचं बोलणं महिनोन्‌महिने चाललं. दोन वर्षं तिने छठ केली नव्हती. शेजारच्या बायकांबरोबर ती पुन्हा तळ्याकाठी जाऊ लागली. तेही उपचारातच धरलं आम्ही.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत मेक्सिको, पोर्तो रिको इथून गेलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यात दुःखाच्या भरात थरथर, रडणं, ओरडणं होतं. त्याला ते 'अताके दे नेर्वियोस' म्हणतात. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९९४ साली त्याची नोंद झाली. २०१३ च्या आवृत्तीत तर सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिली आहे. त्यातला एक प्रश्न साधारण असा: हा त्रास तुम्ही तुमच्या घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल? वाचताना मला आपल्या बाईच आठवल्या. आपल्याकडेही कोणी 'उदास आहे' म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या येतात' असंच म्हणतात.

उलटही घडतं. लाजेची गोष्ट, दारू, मारहाण हे काहींना परक्या भाषेत सांगणं सोपं जातं. शब्द तितके टोचत नाहीत. म्हणून भाषा आपण ठरवायची नाही, समोरच्याने निवडायची. बोलता बोलता त्याने बदलली, तर आपण मागोमाग जायचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत 'टेलि-मानस' सेवा अनेक भारतीय भाषांत चालते. तो क्रमांक आजच फोनमध्ये टाका आणि आपल्या वॉचमनला, घरकामाच्या ताईंना, कारखान्यातल्या कामगारांनाही द्या.

शेवटी एक मागणं. चहाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. आपल्या वर्गात कोणाला कन्नड येते, कोणाला मलयाळम, कोणाला गोरबोली. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी नाव आणि भाषा लिहा. दुभाष्याचं काम आम्ही शिकवू. नियम तीनच: ऐकलं तेवढं सगळं सांगायचं, पदरचा सल्ला घालायचा नाही, आणि खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. वहीत पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे. भाषेच्या रकान्यात लिहिलंय, 'आगरी'. आता कोणी हसू नका!