जखमींच्या यादीतला मृत्यू

(महिला संघटनांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युद्धाविरुद्ध आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. आज मला एकाच सैनिकाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्याइतकंच त्याच्या घरातल्या बायकांबद्दल. तो आपल्या देशातला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा टॉमस यंग. इराकमध्ये तो होता जेमतेम पाच दिवस. त्यानंतर दहा वर्षं तो मरत होता.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर हल्ले झाले आणि दोनच दिवसांनी या एकवीस वर्षांच्या मुलाने सैन्यात नाव घातलं. हल्लेखोरांच्या मागावर अफगाणिस्तानात पाठवतील, अशी त्याची समजूत. पाठवलं इराकला, ज्या देशाचा त्या हल्ल्यात हात नव्हता. ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटीत, चिलखत नसलेल्या उघड्या ट्रकमध्ये त्याला गोळी लागली. मज्जारज्जू तुटला, छातीखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय चोवीस. त्याच दिवशी त्याच भागात केसी शीहान हा त्याच्याच वयाचा सैनिक मारला गेला. केसीची आई सिंडी शीहान. ऑगस्ट २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या टेक्ससमधल्या घराबाहेर ठिय्या मारून बसली, ती हीच बाई. टॉमसचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. नवरानवरी मधुचंद्राऐवजी त्या ठिय्यावर गेली.

त्याच्यावर २००७ मध्ये 'बॉडी ऑफ वॉर' नावाचा माहितीपट निघाला, फिल डोनाह्यू आणि एलेन स्पायरो यांनी केलेला. मिळाला तर जरूर दाखवा आपापल्या गटात. त्यात एकीकडे ऑक्टोबर २००२ मधली अमेरिकन संसद आहे. युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावावर नावं पुकारली जात आहेत. सिनेटमध्ये ७७ बाजूने, २३ विरुद्ध. आणि दुसरीकडे टॉमसचं घर. लघवीसाठी नळी घालायची, ती आई घालते. वयात आलेल्या मुलाला आईसमोर पुन्हा तान्हं व्हावं लागतं, त्याची लाज दोघांच्याही चेहऱ्यावर दिसते. मग दोघं विनोद करतात. काय करणार दुसरं? नवराबायकोच्या शरीरसंबंधाचं काय झालं, हेही तो लाजलज्जा सोडून सांगतो. आपल्याकडच्या वीरगाथांमध्ये हे कधी ऐकलंय?

ते लग्न टिकलं नाही. त्यासाठी त्या मुलीला दोष देणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. एवढंच विचारते, की ती बायको होऊन आली होती, परिचारिका कधी झाली?

२००८ मध्ये त्याच्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली. मेंदूला प्राणवायू कमी पडला. वाचा अडखळू लागली, उरलेले हातही नीट चालेनात. पुढे शिकागोच्या पुनर्वसन रुग्णालयात भेटलेल्या एका स्त्रीशी २०१२ मध्ये त्याने लग्न केलं. तिने डोळे उघडे ठेवून हे पत्करलं. औषधांच्या वेळा, नळीतून अन्न, अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा, आणि रात्रीची न संपणारी जाग.

मार्च २०१३ मध्ये, इराकयुद्धाला दहा वर्षं होताना, त्याने बुश आणि उपाध्यक्ष चेनी यांना जाहीर पत्र लिहिलं. मेलेल्यांच्या बायकामुलांच्या वतीने लिहिलं, आणि मेलेल्या इराकींचीही आठवण ठेवली. आता नळीतलं अन्न बंद करून मरण पत्करणार, असंही त्याने सांगितलं होतं. नंतर विचार बदलला. बायकोबरोबर आणखी दिवस हवे होते त्याला. किती माणसासारखी गोष्ट आहे ही! पण ते दिवस त्याला मिळाले म्हणजे कुणाच्या तरी कष्टांतून मिळाले. तिने ते प्रेमाने केलं. प्रेमाने केलं की ते काम राहत नाही, हे आपल्यालाही लहानपणापासून शिकवलेलं आहेच.

१० नोव्हेंबर २०१४ ला सिॲटलच्या घरी, झोपेत तो गेला. वय चौतीस. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत माजी सैनिकांचा सन्मानदिन होता.

इराकयुद्धात अमेरिकेचे सुमारे ४,४०० सैनिक मेले आणि सुमारे ३२,००० जखमी झाले. टॉमस त्या दुसऱ्या आकड्यात आहे. मेलेल्यांत त्याला कुणी हलवलं नाही. इराकच्या बाजूला तर एक लाखाहून जास्त सामान्य माणसं मारली गेली. सद्र सिटीतही लुळी पडलेली मुलं असतीलच, आणि त्यांच्या आयाही. तिथे कुणी कॅमेरा घेऊन दहा वर्षं थांबलं नाही.

आता जरा कामाचं. अमेरिकेत मे २०१० मध्ये कायदा झाला. घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दरमहा पैसे मिळू लागले, थेट तिच्या हातात. सुरुवातीला ते फक्त २००१ च्या हल्ल्यांनंतर जखमी झालेल्यांच्या घरांना. व्हिएतनाममधून परतलेल्यांचं चाळीस-चाळीस वर्षं करणाऱ्या बायका त्यातून वगळल्या गेल्या. त्यांना सामावून घेणारा कायदा व्हायला २०१८ उजाडलं.

आपल्याकडे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या, पूर्ण परावलंबी सैनिकासाठी कायम मदतनीस भत्ता आहे. वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. भत्ता त्याच्या निवृत्तिवेतनाबरोबर, त्याच्या नावावर जमा होतो. तुमच्या भागात अशी घरं असतील तर तो सुरू आहे का, हे आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि मग घरी जाऊन तिला विचारा, तिच्या हातात त्यातलं काय पडतं.