आईच्या हाती लेखणी



आपल्या कुरुंदवाडच्या कित्येक आया म्हणतात, "आता आमचं शिकायचं वय राहिलं का?" त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. त्या लग्नानंतर पतीकडून लिहा-वाचायला शिकल्या. चूल, मुले, पाहुणे सुटले नव्हतेच. पती रेव्हरंड टिळक कवी. बालकवी ठोंबरे तर त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. कवींच्या गप्पा घरातच होत्या आणि लक्ष्मीबाई स्वतःही कविता करीत. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट! भाषा मात्र घरात बोलतात तीच.

पालकहो, मुलीची शाळा सोडवू नका. आणि मुलींनो, आज घरी जाऊन आईच्या हाती पाटी द्या.