वाट कशाची पाहावी

आत्ता आपण सगळ्यांनी रूपाचा अभंग म्हटला. विटेवरचे पाय, कमरेवरचे हात, गळ्यातली तुळशीची माळ. टाळकरी रंगले, मृदंग रंगला. आणि मधेच पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सुनेला विचारलं, "महाराज कोणत्या अंगाला उभे हायेत गं?" मी दहा हातांवर उभा आहे. दिव्यांचा एवढा उजेड आहे. आणि माउलीला मी दिसत नाही.

मी नाही दिसलो तर काही बिघडत नाही. माझ्यात बघण्यासारखं आहे काय? पण ह्याच आजी आषाढीला तासन् तास बारीत उभ्या राहणार, आणि गाभाऱ्यात देवासमोर क्षणभर मिळणार. त्या क्षणाला दिसणार काय? धुकं! म्हणून आजच्या सेवेत मी डोळ्यांविषयी बोलणार आहे. ज्ञानाचे डोळे, भावाचे डोळे, ते पुढं येतील. आधी ह्या मांसाच्या डोळ्यांविषयी. राग मानू नका. हे बोलायचं माझ्यावर एक ऋण आहे.

आमच्या दिंडीत एक वीणेकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. पंचवीसच्या वर वाऱ्या झालेल्या. खांद्यावर वीणा घेतली की पहाटेपर्यंत उतरवायची नाही, असा माणूस. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. बाहुली पांढरी दिसायला लागली होती. पोरं मागं लागली होती, "आबा, ऑपरेशन करून घ्या." आबा म्हणायचे, "पिकू दे, मग बघू."

त्याच साली त्यांच्या गावच्या सप्ताहात माझं कीर्तन होतं. मी तेव्हा तरुण, आवाज चढा, टाळ्या पडल्या की अंगावर मूठभर मांस चढायचं. मी दाखला दिला गुलाबराव महाराजांचा. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. 1881 सालचा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, 1915 साली, ऐन चौतिशीत देह ठेवला. तेवढ्या आयुष्यात शंभराच्या वर ग्रंथ सांगून लिहवून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, ते उगीच नाही. हे सगळं सांगून मी मोठ्या आवाजात म्हणालो, "बाहेरचे डोळे घेऊन काय करायचंय? आतले उघडा!" टाळ्या पडल्या.

कीर्तन झाल्यावर आबा पाया पडायला आले. म्हणाले, "महाराज, पटलं. आता काही मी डोळा कापून घेत नाही." आणि मायबाप, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, शब्द लागला.

दोन वर्षं गेली. एका रात्री आबांचं डोकं दुखायला लागलं. उजव्या बाजूचं अर्धं डोकं, डोळ्यातून कळा, आणि उलट्या. घरच्यांना वाटलं, पित्त झालं. लिंबू दिलं, सुंठ उगाळून लावली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू जास्त पिकून फुगला, आतलं पाणी वाहायची वाट बंद झाली, डोळ्यातला दाब वाढला आणि दाबानं मागची शीर गेली. दुखणं थांबवायला शस्त्रक्रिया करू, पण ह्या डोळ्याची नजर परत येणार नाही.

हे मला त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. तो मला काही बोलला नाही. नुसतं सांगितलं आणि फोन ठेवला. विठ्ठल, विठ्ठल!

त्या रात्री मला झोप नाही. माझ्या लक्षात आलं, मी गुलाबराव महाराजांचा दाखला दिला, पण उलटा दिला. महाराजांनी डोळे सोडले नव्हते हो! त्यांचे गेले होते. जे गेलं ते परत येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी आतली वाट धरली. आणि ज्याचं परत येण्यासारखं आहे, त्याला मी सांगत होतो, राहू दे. हा संतांचा बोध नाही. हा बोलणाऱ्याचा माज आहे.

आता तुम्ही विचाराल, महाराज, मोतीबिंदू म्हणजे असतं तरी काय? मी डॉक्टर नाही, पण ठेच लागल्यावर विचारून घेतलं. डोळ्याच्या बाहुलीच्या मागं एक भिंग असतं. लहानपणी काचेसारखं नितळ. वय झालं की ते गढूळ होत जातं. मधुमेह असेल, डोळ्याला मार लागला असेल, स्टिरॉइडची औषधं बरीच वर्षं चालू असतील, तर लवकर होतं. हा वरून आलेला पडदा नाही, आतलं भिंगच गढूळ झालेलं असतं. थेंबानं ते विरघळत नाही. मधानं नाही, कांद्याच्या रसानं तर नाहीच. उलट असलं काही घालून डोळा घालवाल. एकच उपाय, ते गढूळ भिंग काढायचं आणि नवं बसवायचं.

सुश्रुतसंहितेत ह्यावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. तेव्हा गढूळ भिंग शलाकेनं बाजूला सारायचे. उजेड आत यायचा, पण भिंगच नाही म्हटल्यावर सगळं अंधुक. नंतर भिंग काढून जाड चष्मा देऊ लागले. तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यातून सगळं मोठं दिसायचं, पायरी एकीकडं आणि पाय दुसरीकडं. त्या काळात लोक थांबायचे, "पिकू दे" म्हणायचे, त्याला कारण होतं. ते कारण आता उरलेलं नाही, पण म्हण उरली.

बदल कसा झाला ऐका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकच्या चिपा घुसल्या. हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी बघितलं, ह्या चिपा डोळ्यात वर्षानुवर्षं राहिल्या तरी डोळा रुसत नाही. मग त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करवून घेतलं. 1949 सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात भिंग बसवायला घेतलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षं विरोध केला. पण म्हातारपणी रिडलींनाच मोतीबिंदू झाला, आणि त्याच रुग्णालयात त्यांच्या डोळ्यांत भिंग बसलं. आपण दुसऱ्यासाठी लावलेलं झाड कधी आपल्यालाच सावली देतं. आज ते भिंग गावच्या म्हातारीच्या डोळ्यात बसतं. सरकारी रुग्णालयात मोफत बसतं.

आता आबांकडं येऊ. एक डोळा गेला, दुसरा राहिला होता. मी त्यांच्या घरी गेलो, पाय धरले. म्हणालो, "आबा, माझ्या शब्दानं तुमचा डोळा गेला." आबा काय म्हणाले, ध्यानात ठेवा. म्हणाले, "महाराज, तुम्ही बोलला नसता तरी मी गेलो नसतो. मला सुरीची भीती वाटत होती. पोरांपुढं भीती सांगायची लाज वाटत होती. तुमचा शब्द मिळाला, तो मी भीतीवर पांघरला."

मायबाप, किती वेळा आपण असं करतो! भीती असते आपली आणि नाव देवाच्या इच्छेचं. आळस असतो आपला आणि नाव प्रारब्धाचं. घरात म्हातारीच्या ऑपरेशनला वेळ काढायचा कंटाळा पोराचा, आणि म्हणतो, "आता ह्या वयात आईला कशाला त्रास?" विचारलं का आईला? ती भाकरी चाचपून खाते, रात्री उठली की भिंत धरून चालते, तो त्रास नाही होय?

महाभारतात युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राकडं आले. म्हणाले, "तुला युद्ध बघायचं असेल तर दृष्टी देतो." जन्मभर आंधळा माणूस, आणि समोर दृष्टी देणारा उभा! धृतराष्ट्र म्हणाला, नको. आपल्याच माणसांचा संहार मला बघायचा नाही, नुसता ऐकेन. मग ती दृष्टी संजयाला मिळाली. जन्मानं आंधळा होता, त्यात त्याचा दोष नव्हता. पण दृष्टी दारात आली तेव्हा त्यानं दार लावलं.

आबांनी लावलं नाही. दुसऱ्या डोळ्याला तयार झाले. मी बरोबर गेलो. आधी साखर तपासली, रक्तदाब तपासला, भिंगाचा नंबर मोजला. डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन. आत गेले आणि अर्ध्या तासात पट्टी बांधून बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आबांनी डोळा मिचकावला, माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही म्हातारे झालात की!" सगळा वॉर्ड हसला. मी हसलो आणि रडलोही.

पुढची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. गेली चार वर्षं पंढरपुरात आलं की दिंडी थांबायची, लोक कळसाला हात जोडायचे. आबांना कळस दिसायचा नाही. लोकांची तोंडं ज्या दिशेला, त्या दिशेला ते हात जोडायचे. कुणाला कळू दिलं नाही. ऑपरेशननंतरच्या वारीत मी त्यांच्या शेजारी होतो. कळस दिसला तशी वीणा थांबली. माणूस एका डोळ्यानं बघत होता. बोलला एवढंच, "मी अंमळ डावीकडं हात जोडत होतो."

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. मी पोथी पाठ म्हणून वाचल्यासारखं करत होतो. एक ओवी चुकली, पोरानं पकडलं. गेलो. खरं सांगू? टेबलावर पडल्यावर मलाही भीती वाटली. डोळ्यात नुसते थेंब घालून बधिर केलं. चेहऱ्यावर कापड. सुरी दिसत नाही हो, दिसतो फक्त उजेड, त्यात रंग हलतात, पाणी ओतल्याचा भास होतो, यंत्राचा बारीक आवाज येतो. दुखलं नाही, थोडं दडपल्यासारखं वाटलं. मनात नाम चालू होतं. दोन अभंगांचा वेळ, आणि झालं. दुसऱ्या दिवशी अंगणात आलो तर आभाळ इतकं निळं, वाटलं नवं केलंय. डॉक्टर म्हणाले, जुनं भिंग पिवळं पडलं होतं, आभाळ होतं तेच आहे.

आता पथ्य ऐका, कारण ते वारकऱ्याला जड जातं. सांगितलेले थेंब महिना-दीड महिना वेळेवर घालायचे. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत खाली वाकायचं नाही, म्हणजे दंडवत नाही, हात जोडायचे. ओझं उचलायचं नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणजे महिनाभर चंद्रभागेत बुडी नाही. बुक्का उधळतात तिथं उभं राहायचं नाही. म्हणून वारीच्या तोंडावर ऑपरेशन घेऊ नका, आधी वेळ ठेवून घ्या नाहीतर वारी करून आल्यावर घ्या. थंडीतच करावं, असंही काही नाही, कुठल्याही ऋतूत होतं. बारीक वाचायला नंतरही चष्मा लागू शकतो. काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर घाबरू नका, भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, ती लेसरनं मोकळी करतात. पण डोळा लाल झाला, ठणकू लागला, नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पित्त म्हणून घरी बसू नका. ती चूक आम्ही करून बसलोय.

आणि एक. सगळ्यांची नजर पूर्ण येते असं नाही. मधुमेहानं मागचा पडदा खराब असेल, काचबिंदूनं शीर गेली असेल, तर भिंग बदलूनही कमीच दिसतं. त्यांना मी म्हणेन, तुमच्यासाठी गुलाबराव महाराजांचा दाखला आहे. खरा दाखला तुमचाच आहे. पण तपासल्याशिवाय स्वतःच ठरवू नका, की आपण त्यातले.

आबा गेल्या साली वैकुंठवासी झाले. शेवटचं कीर्तन ऐकायला आले तेव्हा म्हणाले, "महाराज, माझी गोष्ट सांगत जा. नाव नका घेऊ, पण सांगत जा." म्हणून सांगतो. जिथं सप्ताह, तिथं सांगतो.

उद्या सकाळी काकडा झाला की शाळेच्या खोलीत डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. पैसे नाहीत. पुढच्या रांगेतल्या आजी, तुम्ही पहिल्या. सूनबाई, तू हात धरून आण. मी तिथं बसलेला असेन. भीती वाटली तर मला सांगा, मला ती माहीत आहे.

देव विटेवर उभा राहून वाट पाहतो आहे. पुंडलिकानं एकदा थांब म्हटलं, तो अजून थांबला आहे. त्यानं आपली वाट पाहावी, आपण त्याची पाहावी. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!