अनुदान लिटरवर की गोठ्यावर?



पशुवैद्यकांच्या परिषदेत अध्यक्षाने रोगांवर बोलावं, असा रिवाज आहे. लाळ्या-खुरकूत, लम्पी, कासदाह यांवर दिवसभरात जाणकार बोलणारच आहेत. मी दुधाच्या अनुदानावर बोलणार आहे. हा विषय पशुवैद्यकाचा नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी २०२४ साली तालुक्याच्या दवाखान्याबाहेर लागलेली रांग आठवावी. त्या रांगेत जनावरं कमी होती. हातात आधार कार्ड आणि पासबुक धरलेली माणसंच जास्त होती.

थोडं मागे जातो. जून २०१७ मध्ये शेतकरी संपावर गेले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, आणि सरकारने गायीच्या दुधाला २७ रुपये ठरवून दिले. वर्षभरात तो भाव कागदावरच उरला. मे २०१८ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या लाखगंगा गावाने ग्रामसभेत ठरवलं की एवीतेवी लूटच चालली आहे, तर दूध फुकटच वाटू. जुलैत दूध अडवलं गेलं, तेव्हा लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान आलं.  जुलै २०२३ मध्ये ३४ रुपये ठरले आणि दिवाळीच्या सुमारास डेअऱ्या २७ च्या आसपास उतरल्या. मग जानेवारी २०२४ पासून पुन्हा ५ रुपये: डेअरीने २७ द्यायचे, सरकारने वरचे ५ थेट खात्यात टाकायचे. भाव ठरतो, मोडतो, आंदोलन होतं, अनुदान येतं, मुदत संपते. या फेऱ्यात गायीचं वेत काही थांबत नाही.

आता २०२४ च्या उत्तरार्धातला हिशेब बघा. जुलैपासून डेअरीचे ३० आणि सरकारचे ५, मिळून ३५. ऑक्टोबरपासून सरकारचे ५ वरून ७ झाले. वर्तमानपत्रांत मोठी बातमी आली, अभिनंदनाचे फलक लागले. त्याच निर्णयात डेअरीचे ३० वरून २८ झाले होते. बेरीज पुन्हा ३५. गोठ्यातल्या माणसाच्या पदरात वाढीव एक पैसा पडला नाही. तिजोरीतून निघालेले ते दोन रुपये शेतकऱ्याच्या खात्यावरून गेले खरे, पण ओझं हलकं झालं ते दूध घेणाऱ्याचं. हे करू नये असं मी म्हणत नाही. पुष्टकाळात दूध उतू जातं, उरलेल्याची पावडर आणि लोणी करावं लागतं, आणि पावडरचे दर कोसळले की डेअरीचं भांडवल गोदामात अडकतं. त्या उद्योगाला आधार द्यायचा असेल तर उघडपणे पावडरसाठी द्या. शेतकऱ्याच्या नावाची पावती त्यावर कशाला?

माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे. मदत लिटरवर मोजली जाते, आणि गोठ्याचा खर्च लिटरवर होत नाही. गाय भाकड असते तेव्हाही दोन वेळा खाते. कालवड पहिल्यांदा विण्याआधी दोनेक वर्षं नुसती खातच असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. चारा महागला, हिरवं संपलं, दूध आटलं. नेमक्या त्याच टापूत, त्याच महिन्यांत, लिटरमागचं अनुदान सर्वांत कमी पोहोचणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ज्याच्याकडे बागायत, मुरघासाचे खड्डे आणि पन्नास गायी, त्याचं माप भरून वाहणार. आणि बाजारात दूध जास्त झालंय म्हणून ज्या काळात भाव पडलेत, त्याच काळात आपण प्रत्येक जादा लिटरला बक्षीस देतो, हे आणखी एक.

त्यातून भावाला लावलेली ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफची, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची, कसोटी. इथे मी पशुवैद्यक म्हणून बोलतो. एसएनएफ कमी लागणं म्हणजे दुधात पाणी, हा समज अजून संकलन केंद्राच्या खिडकीत ठाण मांडून बसलाय. संकरित गाय, एप्रिल-मेचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि पैसा नाही म्हणून सरकी पेंड निम्मी केलेली. एवढ्यावर एसएनएफ ८.२ वर येतो, पाण्याचा थेंब न घालता. पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, रुपया कापायचा म्हटला तर तिथेच तीन रुपये गेले. कमी पैसे आले की पुढच्या हप्त्यात पेंड आणखी कमी होणार, म्हणजे पॉइंट आणखी खाली. यावर औषध माझ्या पेटीत नाही. आणि ज्या मिल्कोटेस्टरच्या आकड्यावर हे सगळं ठरतं, ते यंत्र डेअरीचं, तपासणारा माणूस डेअरीचा, चिठ्ठीही डेअरीचीच.

बिल्ल्याबद्दल बोललंच पाहिजे. जनावराच्या कानातला तो पिवळा बिल्ला आणि त्यावरचे बारा आकडे लसीकरणाच्या नोंदीसाठी आले होते, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस आटोक्यात आणण्यासाठी. चांगली सोय होती. तिला अनुदानाचा दरवाजा केला आणि आमच्या माणसांची दमछाक सुरू झाली. एक बाई आल्या होत्या. दोन गायी. एकीचा बिल्ला बाभळीच्या काट्यात तुटून गेलेला, दुसरीची नोंद अजून जुन्या मालकाच्या नावावर. दूध डेअरीवर लागतं मुलाच्या नावाने, आधार जोडलेलं खातं सासूबाईंचं, गायी सांभाळतात या. नोंदणीच्या ॲपमध्ये या चार गोष्टी एका माणसाच्या नावावर जुळेपर्यंत मुदत टळून गेली. मोठ्या गोठेवाल्याकडे हे करायला लिहिता-वाचता पोरगा असतो, नाहीतर डेअरीच घरी माणूस धाडते. बारकं माणूस गळतं ते इथे, आणि तेही अगदी नियमाने. म्हशीवाल्यांची तर गोष्टच नको. त्यांना या योजनेत जागाच नव्हती.

शेजारच्या कर्नाटकाकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. तिथे २००८ मध्ये लिटरला २ रुपयांपासून सुरुवात झाली, २०१३ मध्ये ४ आणि २०१६ मध्ये ५ रुपये झाले. तिथली मदत मुदतीची नाही, आणि बहुतेक संघटित दूध सहकारी महासंघाच्या ‘नंदिनी’च्या एका छताखालून जातं, त्यामुळे वाटप सोपं. आपल्याकडे एकेका गावात चार-चार डेअऱ्यांचे टेम्पो येतात. कर्नाटकाचा आकडा उचलता येईल, ती घडी उचलता येणार नाही.

हिशेबाची रीत बघायची तर अमेरिकेची बघावी. तिथल्या २०१८ च्या कृषी कायद्याने दुधाचा भाव आणि चाऱ्याचा खर्च यांतल्या फरकावर संरक्षण दिलं. फरक ठरलेल्या पातळीखाली गेला की भरपाई. त्यासाठी रस्त्यावर दूध ओतावं लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही. शिवाय ठरावीक दुधापर्यंत या संरक्षणाचा हप्ता स्वस्त, त्यापुढे महाग. अर्थात त्या कायद्यात स्वस्त हप्त्यात बसणारा लहान शेतकरी सुमारे दोनशे गायींचा होता, तेव्हा पातळी आपली आपण ठरवावी लागेल. पण पेंड, कडबा, मका यांचे भाव आपल्या बाजार समित्यांत रोज लिहिले जातात. तो हिशेब दर महिन्याला मांडणं अवघड नाही. पहिल्या काही लिटरपुरती पूर्ण मदत, पुढे उतरती, आणि भाकड काळासाठी जनावरामागे वेगळा चाराखर्च, अशी रचना करता येईल.

याच्याही आधी कायदा हवा. उसाचा भाव १९६६ च्या नियंत्रण आदेशाखाली येतो. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर व्याज लागतं. कारखाने ते किती पाळतात हा भाग वेगळा, पण नाही पाळलं तर जाब विचारायला कलम आहे. दुधाला तेवढंही नाही. म्हणून २०१७ चे २७ आणि २०२३ चे ३४ हे आकडे मोडले, तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

दुपारच्या सत्रात ठराव येणार आहे. मसुदा मी वाचला. त्यात लिटरमागे अनुदान १० रुपये करावं अशी मागणी पहिली आहे. ती खाली घ्यावी, असं मी सुचवतो. डेअरीने द्यायचा किमान भाव कायद्याने बांधल्याशिवाय वरचा आकडा वाढवण्यात अर्थ नाही, हे आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये पाहिलंय. फॅट-एसएनएफची यंत्रं डेअरीबाहेरच्या यंत्रणेने तपासावीत, हे कलम वर आणा. म्हशीचं दूध मसुद्यात राहून गेलंय, ते घाला. आणि लसीकरणाच्या दिवसांत पशुवैद्यकांना ॲपमधल्या नोंदींना जुंपू नये, हेही लिहा. त्या काळात आमची गरज गोठ्यात असते. यावर कुणाची दुरुस्ती असेल तर ती जेवणापूर्वी लेखी द्यावी. चर्चेला पूर्ण दोन तास ठेवले आहेत.